नदीचे गोटे

आकुर्डीच्या भिमाजीला कुणी विचारलं असतं, की बाबा, जन्मभर केलंस काय, तर त्यानं सरळ सांगितलं असतं, दगड वेचले. त्याची जमीन मुरमाड. आज्यानं वेचले, बापानं वेचले, तरी दर नांगरटीला नवे दगड वर यायचेच. भिमाजी ते बांधावर भिरकावायचा आणि जमिनीला दोन शिव्या हासडायचा. आता त्या बाजूला गेलात तर कारखान्यांच्या भिंती दिसतील. तेव्हा तिथं ज्वारी डुलायची, आणि आगगाडीची शिटी ऐकली की बायका चुलीवर तवा ठेवायच्या. काय दिवस होते ते!

भिमाजीच्या बैलाला खांदेसूज आली, तेव्हा एमिल डॉक्टरची आणि त्याची पहिली गाठ पडली. एमिल हा गुरांचा डॉक्टर, धर्मानं ज्यू, व्हिएन्ना शहरातला. तिकडं नाझींचं राज्य आलं आणि ज्यूंच्या जिवावर उठलं. बायको आणि म्हातारी आई यांना घेऊन हा नेसत्या कपड्यांनिशी बोटीत बसला आणि पिंपरीजवळच्या एका गोठ्यात नोकरीला लागला. मराठी शिकला तोही गवळ्यांकडून आणि शेतकऱ्यांकडून, त्यामुळं हा गोरापान माणूस पुणेरी साहेबांसमोरसुद्धा ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ करायचा. साहेब लोक हसायचे. एमिलला वाटायचं, आपलं बोलणं आवडलं.

एकदा बैलाच्या खांद्याला मलम चोळता चोळता त्यानं तिकडची हकीकत सांगितली. दवाखान्याच्या काचा दगडांनी फोडल्या होत्या. आई खिडकीशीच बसलेली, तिच्या कपाळाला खोक पडली.

“दरवडेखोर हुतं काय?” भिमाजीनं विचारलं.

“न्हाई, भिमाजीराव. शेजारी हुतं. त्यांच्याच कुत्र्यांना मी औषध द्यायचो.”

माणसावर दगड टाकणारा शेजारी भिमाजीच्या डोक्यात शिरेना.

त्या आईचा मात्र भिमाजीच्या शेतावर फार जीव जडला. रेगीना तिचं नाव, पण सगळे तिला आजीबाईच म्हणायचे. संध्याकाळी ती येऊन उंबराखाली बसायची आणि भिमाजीची बायको छबूबाई हिच्याबरोबर हरभऱ्याचे घाटे सोलायची. ही आपल्या भाषेत बोलायची, ती आपल्या. एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण माना दोघींच्या डोलायच्या आणि गप्पा काही संपायच्या नाहीत. भिमाजीला तिनं लोकरीची टोपी विणून दिली. ती त्यानं भर वैशाखातही घातली, घामानं निथळला, पण काढली नाही.

पन्नास साली आजीबाई गेली. जाण्याआधी लेकाला म्हणाली होती, “मला आता आणखी कुठं हलवू नका. त्या झाडाखालीच ठेवा.” डॉक्टरनं हे सांगितलं आणि भिमाजीनं उंबराखालची जागा देऊन टाकली. पुण्याहून त्यांच्या धर्माची माणसं प्रार्थनेला आली, तीही आपल्यासारखंच मराठी बोलणारी. भिमाजीला त्याचंच नवल. शेजारच्या शेताचा धनी दत्तोबा तेवढा कुरकुरला. “बांधाला लागून मढं कशाला पुरतोस, भिमा?” म्हणाला. भिमाजीनं त्याला धुडकावून लावलं.

आणि मग थडग्यावर दगड येऊ लागले.

भिमाजी दर रविवारी तळेगावच्या बाजाराला जायचा. सोमवारी शेतात यावं तर आजीबाईच्या थडग्यावर दोन-तीन गोटे पडलेले. मुरमाड जमिनीतले खडबडीत धोंडे नव्हेत, चांगले गुळगुळीत, पवनेच्या पात्रातले. म्हणजे कुणीतरी मुद्दाम नदीवरून आणून टाकत होतं! भिमाजीच्या डोळ्यांपुढं व्हिएन्नाची ती खिडकी उभी राहिली. तिकडंही दगड आणि इथंही दगड! म्हातारीची मेल्यावरसुद्धा सुटका नाही. त्यानं गोटे उचलले, बांधावर भिरकावले आणि डॉक्टरच्या कानावर काही जाऊ दिलं नाही. बिचाऱ्याला कशाला दुखवायचं? पुढच्या सोमवारी गोटे पुन्हा हजर.

नदीकाठाला दत्तोबाचा दुसरा मळा होता. भिमाजीला आणखी काय पुरावा हवा? त्यानं भर चावडीवर दत्तोबाची गचांडी धरली.

“मेलेल्या बाईवर दगड टाकतोस? लाज न्हाई वाटत?”

दत्तोबानं त्याचा हात झिडकारला. “तुझं डोकं फिरलंय,” एवढंच बोलून तो निघून गेला. दोघं लहानपणचे सोबती, पण त्या दिवसापासून बोलणं बंद. दोन वर्षं हेच चाललं. गोटे यायचे, भिमाजी उचलायचा आणि बांधापलीकडच्या पाठमोऱ्या दत्तोबाकडं बघून दात खायचा.

बावन्न साली डॉक्टर एका सकाळी शेतात आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, “भिमाजीराव, मी चाललो.”

त्याचा धाकटा भाऊ छळछावणीतून जिवंत सुटला होता आणि इस्रायलला पोचला होता. तिकडं मागं राहिलेल्या सगळ्या कुळात तो एकटाच वाचलेला. ज्यूंचा नवा देश आणि आपलं रक्ताचं माणूस, डॉक्टरचा पाय कसा थांबणार? बोटीची तिकिटं निघाली होती. भिमाजीला हुंदका आला, तो त्यानं खोकल्यात घालवला.

“आणखी एक हाय,” डॉक्टर जमिनीकडं बघत बोलला. “आईला इथनं काढून पुण्याच्या आमच्या कबरस्तानात न्यायचं म्हंतो.”

“काढून? अवो, मला हलवू नका म्हणाली हुती ना ती?”

“व्हय. पर गावाला ती इथं नको हाय. दोन वर्सं बघतोय मी. मी इथं हाय तवर येतो. उद्या गेलो, की तिला कोन?”

“गावाला नको? आसं कोन म्हनलं?”

“कुनी म्हनलं न्हाई. पर मी दर रविवारी येतो, नदीवरनं एक-दोन गोटे आनतो, तिच्यावर ठेवतो. दुसऱ्या खेपेला बघावं, तर कुनीतरी काढून फेकलेले.”

भिमाजीनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

“तुमी ठेवत हुता?”

“आमची रीत हाय ती. फुलं सुकून जात्यात. दगड ऱ्हातो. कुनीतरी येऊन गेलं, मानूस इसरलं न्हाई, येवढंच सांगायचं असतं.”

“डाक्टरसाब,” भिमाजी म्हणाला, “मीच फेकले वो. मला वाटलं, तुमच्या त्या शेजाऱ्यांवानी कुनी आजीबाईला दगड मारतंय.”

डॉक्टर त्याच्याकडं बघतच राहिला. मग हसला, आणि हसता हसता रडायला लागला. भिमाजी तडक बांधावर गेला. तीन पिढ्यांचे धोंडे तिथं पडलेले. पण जन्मभर दगड हाताळलेला माणूस तो, त्याचे हात चुकतात होय? मुरमातले बाजूला सारत, नदीचे तेवढे निवडत त्यानं टोपी भरली आणि थडग्यावर नेऊन मांडली. पुन्हा गेला, पुन्हा भरली. डॉक्टरही त्याच्याबरोबर वाकून शोधू लागला.

“आता आजीबाईला न्हेनार?” शेवटी भिमाजीनं विचारलं.

“न्हाई,” डॉक्टर म्हणाला. “ती घरीच हाय.”

त्याच संध्याकाळी भिमाजी दत्तोबाच्या दारात उभा राहिला. “चुकलो,” म्हणाला. दत्तोबा आतून म्हणाला, “डाक्टरला मी दर रविवारी बघत हुतो. इचारलं आसतंस, तर सांगितलं आसतं.” आणि दार लोटून घेतलं. त्याचं तरी काय चुकलं?

डॉक्टर गेला. चिंचवडच्या स्टेशनावर छबूबाईनं त्याच्या बायकोच्या ओटीत नारळ घातला, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी दोघं नवराबायको फलाटावरच उभी होती. डॉक्टरला शब्द दिल्याप्रमाणं पुढं भिमाजीनं बाजाराचा नेम मोडला. दर रविवारी तो पवनेवर जायचा, एक गोटा निवडून आणायचा, आणि ज्यानं जन्मभर शेतातले दगड बाहेर फेकले तो शेतात दगड नेऊन ठेवायचा. “आलो हुतो, आजीबाई,” असं वर मोठ्यानं सांगायचा.

पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला त्या सुमाराला भिमाजी तापानं आडवा झाला. महिना गेला, दुसरा लागला, तरी अंथरूण सुटेना. तापापेक्षा त्याला एकाच गोष्टीचा घोर. आपण डॉक्टरला शब्द दिला आणि आजीबाईकडं कुणीच फिरकलं नाही. छबूबाई जाते म्हणाली, तर तिचेही गुडघे धरलेले.

अंगात थोडी ताकद आली तसा तो काठी टेकत शेतात गेला. उंबराखाली पोचला आणि थबकला. थडग्यावर ताजे गोटे होते, एकाला एक लावून नीट मांडलेले. काहींची ओल अजून वाळली नव्हती.

बांधापलीकडं दत्तोबा पाठमोरा खुरपत होता. धोतराचे सोगे गुडघ्यापर्यंत भिजलेले. त्यानं मान वर केली नाही.

भिमाजी बांध ओलांडून गेला आणि त्याच्याशेजारी बसून खुरपू लागला.