गोमेची आवडनिवड

नातीने काचेच्या पेटीत गोम पाळलीय. परगावी जाताना बजावून गेली, "आबा, रोज झुरळच नको. मधे नाकतोडा, रातकिडा द्या."

किड्याला कसली आलीय चव, म्हणत मी महिनाभर झुरळंच टाकली. शेवटी गोम झुरळाला शिवेना. आज हट्ट सोडून नाकतोडा टाकला, तर सगळ्या पायांनी कवटाळून खात बसली.

बघताना माझी मान खाली गेली. जो बोलत नाही त्याला आवडनिवड नसते, असंच मी धरून चाललो. मला आवडतं म्हणून घरात पन्नास वर्षं वांगंच शिजलं.

बायकोला विचारलं, "तुला गं काय आवडायचं?"

"हरभऱ्याची उसळ. आता विचारताय, दात गेल्यावर?"

मऊ शिजवू म्हणून उठलो. हरभऱ्याचा डबा कुठे असतो, तेही तिलाच विचारावं लागलं.