शेवटचं गुपित पहिल्या पानावर

मंडळी, आज मी एका सज्जन माणसावर सूड उगवला आणि मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

ग्रीक देवांवरच्या मुलांच्या मालिकेतलं शेवटचं पुस्तक. माझ्या लेकीने, इराने त्याची वर्षभर वाट बघितली, इथे लखनौत हज़रतगंजच्या पुस्तकांच्या दुकानात माझ्या तीन फेऱ्या झाल्या. नेमकी तिची परीक्षा होती, म्हणून मी शहाणीने ते आधी वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांना वाचायला दिलं. काका शास्त्रज्ञ. पुस्तक परत आलं तेव्हा पहिल्याच पानावर पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात सारांश लिहिलेला: दगा कोण देतो, मरतं कोण.

"निष्कर्ष आधी द्यावा, वाचणाऱ्याचा वेळ वाचतो," काका म्हणाले. आम्ही संस्थेत असंच करतो म्हणे. इरा दोन दिवस नीट जेवली नाही.

आज दुपारी काका आले. नागपूरला निघालोय, गाडीत वाचायला एखादी रहस्यकथा द्या म्हणाले. मी आत जाऊन पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिलं, पुस्तक काकांना द्यायला इराकडे दिलं आणि चहा टाकला.

काका गेल्यावर इरा म्हणाली, "मम्मी, आपका लिखा मैंने मिटा दिया. डॉक्टर का नाम लिख दिया."

"अगं, त्या गोष्टीतला डॉक्टर तर निर्दोष आहे."

"हाँ. सही नाम लिखते तो वो पढ़ना छोड़ देते. अब पूरी किताब डॉक्टर पर नज़र रखेंगे."

अकरा वर्षांची आहे. खरं सांगा, हे तिला त्या देवांनी शिकवलं की मी?