पोत्याला श्वास नसतो

वर्षाचा तांदूळ आम्ही इंदिरानगरहून घोटीला जाऊनच आणतो. एका वर्षी तिथल्या दुकानात भेटलेला एक हमाल मला अजून आठवतो. साठीचा असेल. पोतं उचलायच्या आधी तो थांबायचा, पोट फुगेपर्यंत श्वास घ्यायचा आणि मगच वाकायचा. मी शाळेत दरवर्षी फळ्यावर मणके आणि श्वासपटल काढते. पण श्वासपटल असं कामाला लागलेलं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

मी कमरेवर हात ठेवून उभी होते.

"पाठ धरली का, ताई?"

"आईला रोज अंथरुणातून उचलून बसवते ना."

त्यानं स्वतःच्या बरगड्यांखाली तळहात ठेवला. "आधी इथं श्वास भरायचा. एकट्या पाठीचं काम नाय ते." पोतं गाडीत ठेवून तो पुन्हा वळला. "आन् आईलापण घ्यायला सांगा. पोत्याला श्वास घेता येत नाय, तिला येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या पाठीमागे हात घालून मी म्हणाले, "आई, माझ्याबरोबर श्वास घे."

तिनं घेतला. तिच्या बरगड्या माझ्या हातावर फुगल्या, आणि ती उठून बसली.

"रोज सांगत जा गं," ती म्हणाली. "मलाही उठायचं असतं."