पाटीवरचं साल

मंडळी, आज भर पेठेत माझी चांगलीच जिरली.

आमची सांगलीची पेठ कित्येक वर्षं ओस पडली होती. आता गाड्यांना बंदी झाली, फरशी बसली, गिऱ्हाईक परत यायला लागलंय. सगळ्या दुकानांना एकसारख्या लाकडी पाट्या, त्यावर दुकान सुरू झाल्याचं साल.

शेजारच्या कापडदुकानावर १९४१ लागलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. गर्दी त्यांच्याकडेच, आता मानही त्यांचाच? आमचंही कापडाचंच दुकान, पण १९४६चं. मी पेंटरला सांगितलं, "१९४० टाक."

शेजारचे नव्वदीतले बाबूशेठ काठी टेकत आले. पाटी वाचून म्हणाले, "चाळीस? आरं, त्रेचाळीसला तुझा आजा आमच्याच दुकानात गजानं कापड मोजत हुता. सेहेचाळीसला त्यानं हितं सोताचं दुकान घातलं. त्याचा नारळ माझ्या बापानं फोडला."

मी मनात म्हटलं, आपल्या हाताखालचा माणूस भिंतीला भिंत लावून तोच धंदा मांडतोय, आणि नारळ आपण फोडायचा!

पाटीवर १९४६ करून घेतलंय. गर्दीचा हेवा होताच, आता त्या मोठ्या मनाचाही वाटतोय.

खरं सांगा, तुम्ही फोडला असता तो नारळ?