पाणी कमी करणारा गोळा

माझी पहिली नोकरी चाकांवरच्या घरात झाली. कुठल्याशा परदेशी माणसाने सुटीत भटकायला घेतलेली ती कॅरॅव्हॅन देणगी म्हणून मुलुंडच्या एका ट्रस्टकडे आली, आणि ट्रस्टने तिचा दातांचा फिरता दवाखाना केला. पलंगाच्या जागी दातांची खुर्ची आली. स्वयंपाकाचा ओटा आणि बेसिन मात्र तसंच राहिलं, आणि लोक त्यात चुळा टाकू लागले. मूळ मालकाला कळलं असतं तर त्याने देणगी परत मागितली असती.

आम्ही तिघंच होतो. डॉक्टरीणबाई पार्ल्याच्या, कडक शिस्तीच्या. ड्रायव्हरकाका मालवणकडचे, साठीला टेकलेले. ट्रस्टच्या कमिटीला त्यांच्या जागी तरुण माणूस हवा होता आणि ती फक्त निमित्त शोधत होती. तिसरी मी, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली, एकोणीस वर्षांची, तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलेली मदतनीस. मला कायम करायचं की नाही, ते त्या महिनाअखेरीला ठरणार होतं.

शिबिर असेल तिथल्या नळाला रबरी नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक गाडीला जोडायचं. मध्ये एक पितळी गोळा बसवायचा. बाई त्याला रेग्युलेटर म्हणत, काका लगाम म्हणत. गाडीच्या आतल्या नळ्या करंगळीएवढ्या, नुसत्या क्लिपांनी अडकवलेल्या. जोर जास्त झाला तर त्या निखळणार, म्हणून गोळ्याने पाण्याचा जोर आधीच कमी करून घ्यायचा. गोळा लावायचं काम माझं. पण पाण्याची एकूण जबाबदारी काकांची, म्हणून ते प्रत्येक नव्या नळाला अंगठा लावून बघत. "चेडवा," मला सांगत, "आधी नळाची नाडी बघूची, मगे नळी जोडूची."

मला हसू यायचं. खरं सांगायचं तर रागच यायचा. आमच्या डोंगरावर पाणी यायचं ते खालच्या गल्लीतल्यांचे हंडे भरून झाल्यावर, सुतळीएवढ्या धारेने. नळ पुरता सोडायचा, नळीला तोंड लावून पाणी ओढायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. पाणी वाढवणारं यंत्र निघालं असतं तर आईने त्याला हळदकुंकू वाहिलं असतं. पण पाणी कमी करणारं यंत्र पैसे मोजून घ्यायचं, हे श्रीमंतांनाच सुचावं.

एकदा शिबिर आमच्याच डोंगराच्या पायथ्याशी लागलं. आमच्या गल्लीतल्या एका मावशींची दाढ काढली होती आणि त्या तोंडात रक्त धरून बेसिनपाशी वाकल्या होत्या. नळातून पाणी येतंय की रडतंय तेच कळेना. माझं डोकं फिरलं. खाली उतरले, गोळा काढला, नळी सरळ जोडली. धार जराशी जाड झाली. मावशींनी चूळ भरली आणि माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. गोळा मी पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंधेरीला गेलो, नव्याच झालेल्या बारा मजली इमारतीच्या आवारात. काकांनी नळाला अंगठा लावला आणि झटकन मागे घेतला. "अगो, ह्यो नळ न्हय, घोडो हा! गोळो लावलंस मा?"

मी "हो" म्हटलं. पर्समधून काढून लावायला दोन मिनिटं लागली असती. पण मला तो लावायचाच नव्हता. एकदा तरी भरभरून येऊ दे की पाणी, असं मनात होतं.

आलं. खुर्चीतले गृहस्थ आ वासून बसले होते, तेवढ्यात ओट्याखाली फटाका फुटावा तसा आवाज झाला. नळ्या निखळल्या, घोट्याएवढं पाणी साचलं, केसपेपर तरंगायला लागले, दात कोरायचं मशीन भिजून बंद पडलं. गृहस्थ तोंडात कापूस धरूनच बाहेर पळाले. काकांनी धावत जाऊन नळ बंद केला तोवर आमची वाट लागली होती.

"काका, पाण्याची जबाबदारी तुमची ना?" बाई भिजलेले केसपेपर वेचत होत्या. "आता कमिटीला काय सांगू मी? ते तुम्हाला घरी बसवायला टपलेच आहेत."

काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी बघायला हवं होतं, बाई."

माझ्या पोटात गोळा आला होता, आणि खरा गोळा पर्समध्ये होता. नोकरी गेली तर घरी काय सांगू? पण काकांच्या शर्टातून पाणी निथळत होतं आणि ते माझ्यासाठी मान खाली घालून उभे होते. मला ते बघवेना. मी गोळा काढून ओट्यावर ठेवला.

"काकांनी विचारलं होतं. मी खोटं बोलले."

"पण काढलास कशाला?" बाईंनी विचारलं.

"तो पाणी कमी करतो."

काकांना हसू आलं. "बाई, हिच्या डोंगरार पाणी येता थेंबाथेंबान. तेका लगाम घालूचो असता ह्या हिका कसा कळतला?"

मग ते मला नळाशी घेऊन गेले. "लाव अंगठो." मी सगळा जोर लावून दाबला. पाण्याने अंगठा उडवला आणि तोंडावर फवारा आला. पलीकडे वॉचमन तसल्याच नळावर मोटार धूत होता, नळ चालू टाकून विडी ओढत होता. मला रडू कोसळलं. नोकरीसाठी नाही. आईच्या कमरेवर हंड्याने पडलेला घट्टा आठवला म्हणून.

बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "कमिटीशी मी बोलेन. तुमच्या दोघांबद्दल. आधी गोळा लाव."

घरी आई विळीवर भाजी चिरत होती. तिला सगळं सांगितलं. नोकरी अजून गेली नाही हे ऐकून तिने हात जोडले, पण तिचं मन गोळ्यातच अडकलं होतं.

"मग ते कमी केलेलं पाणी जातंय कुठं?"

"कुठे जात नाही आई. मागेच थांबून राहतं."

"थांबतंय होय तिथंच," आई म्हणाली आणि पुन्हा विळीवर वाकली. "तरीच."