वकिलाच्या सोबतीला

जळगावला गाडीतून उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती आणि मी साताऱ्याहून फक्त एक पातळ शाल घेऊन आले होते. खानदेश म्हणजे ऊन, एवढीच माझी अक्कल. स्टेशनबाहेर चहा घेताना दात वाजत होते. चहावाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न मागता दुसरा कप पुढे केला.

मी काही देवदर्शनाला निघाले नव्हते. आदिवासींचे खटले लढवणाऱ्या वकिलांना अलीकडे मारहाण होते, धमक्या येतात. पुण्यातल्या काही वकिलांनी मिळून यावर एक साधी सोय केली आहे. अशा वकिलाबरोबर बाहेरगावच्या कुणीतरी दोन-तीन दिवस राहायचं. करायचं काही नाही, नुसतं बरोबर फिरायचं. परक्या माणसाच्या देखत हात उगारायला गुंडसुद्धा जरा कचरतो, एवढाच त्यामागचा विचार. निवृत्त शिक्षिका, रिकामा वेळ आणि खणखणीत आवाज, या भांडवलावर माझी निवड झाली होती.

मला जायचं होतं दिनकर वकिलांकडे. सातपुड्यातल्या एका पाड्यावर (आदिवासींची वस्ती) वनजमीन कसणारी काही घरं आहेत. त्या जमिनीवर डोळा असलेल्या टोळीने तिथल्या झोपड्या पेटवल्या, बायकापोरांना झोडपलं. तो खटला दिनकर लढवत होते. पावसाळ्यात त्यांच्यावर हल्ला झाला, उजवा हात मोडला. हात जुळला, पण पुरता वळत नाही. आता खटल्यातली मुख्य साक्ष तोंडावर आली होती. ती होऊ नये म्हणून वकिलाला रस्त्यातच गाठायचं घाटत होतं, असं ते फोनवर शांतपणे म्हणाले होते.

बस असोद्यावरून पुढे गेली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्येच कापसाची शेतं. वकिलांचं गाव असोद्याच्या पुढे आहे, लहानसं. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण फाट्यावरच्या टपरीवर मला आलेला अनुभव. वकिलांचं घर कुठे, एवढंच मी विचारलं. टपरीवाल्याने गल्ली सांगितली, घराचा रंग सांगितला, मोटरसायकल कोणती तेही सांगितलं. वर म्हणाला, "पन ते आता नाही सापडनार तुम्हाले. काल यावलकडून डोंगरात गेले." मी कोण, हे त्याने विचारलंच नाही! ज्याच्या जिवावर कुणी उठलंय, त्याचा पत्ता इतका स्वस्त?

घरी वकिलांच्या पत्नी शोभाताई होत्या. त्यांनी भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) वाढली. हिरव्या मिरचीचं ते भरीत खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशा त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोलिसांत अर्ज दिलाय. संरक्षण देऊ म्हणतात, पण डोंगरात जाऊ नका म्हणतात. घरी बसणाऱ्याला कशाला हवं संरक्षण?" मी अजून थोडं भरीत वाढून घेतलं.

शोभाताईंनी पाड्याची वाट सांगितली. यावलच्या बसमध्ये मजूर बायकांच्या मांडीवर बसल्यासारखीच बसले. यावलहून जीप, जीप थांबली तिथून पायवाट. माझे गुडघे मला नावं ठेवू लागले. सागाची पानं करकरत होती, आणि एका ओढ्यापाशी बूट घसरून मी सरळ पाण्यात बसले. ओल्या साडीने पाड्यावर पोचले तेव्हा एका झोपडीसमोर एक म्हातारी बाई मिरच्या वाळत घालत होती.

"दिनकर वकील इथं आलेत ना?" मी विचारलं.

"आठे असा कोनी वकील नई शे," म्हातारी म्हणाली.

"अहो, कालच आलेत."

"नई. बठ्ठा लोके खाले मजुरीले जायेल शेतस." (सगळे लोक खाली मजुरीला गेलेत.)

आणखी दोघांना विचारलं. तेच उत्तर. एकाने तर मला भलत्याच वाटेला लावून दिलं. मी वैतागून दगडावर बसले आणि शोभाताईंना फोन लावू लागले, तर तिथे रेंज नाही. तेवढ्यात म्हातारीच्या झोपडीतून हसू ऐकू आलं आणि दिनकर वकील बाहेर आले. आत बसून ते माझी फजिती ऐकत होते. "रागावू नका. इथे मी नसतोच कधी," ते म्हणाले. म्हातारीचं नाव रायलीबाई. उद्याची साक्ष तिचीच होती. तिने मला कोरडं लुगडं दिलं आणि चुलीजवळ बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो ते दोघंतिघं नव्हे, अख्खा पाडा. पाहुण्याला इथे एकटं सोडत नाहीत. आपल्या शिवेपर्यंत पोचवतात, पुढच्या पाड्याचे लोक तिथे उभे असतात. शिवेवर रायलीबाईने वकिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आम्ही आठलोंग संभाळा. आते तुमना." (इथवर आम्ही सांभाळला. आता तुमचा.) समोरचा एकजण म्हणाला, "लिधा." (घेतला.) ते ऐकल्यावरच पहिल्या पाड्याचे लोक मागे फिरले. साक्ष द्यायची म्हणून रायलीबाई आणि तिच्या घरचे चारपाच जण तेवढे पुढे आले. असं डांबरी रस्त्यापर्यंत प्रत्येक पाड्याने केलं, तिथून पुढे भाड्याची जीप. मलाही रीतसर घेण्यात आलं, पण हसत.

कोर्टात रायलीबाई डगमगली नाही. आरोपींच्या वकिलाने तिला तेच तेच फिरवून विचारलं, तिने तेच तेच सांगितलं, आणि शेवटी बोट करून तिघांना ओळखलं. बाहेर आल्यावर त्या तिघांचे लोक फाटकाशी उभे होते. त्यातला एक माझ्याकडे बघून थुंकला. मी वकिलांच्या मागे सरकले, हे कबूल करते.

साक्ष झाली, आता रायलीबाई आणि तिच्या घरचे पाड्यावर परत जातील असं मला वाटलं. पण ते आमच्याच जीपमध्ये चढले.

"तुम्ही कशाला येता? मी जाईन," वकील म्हणाले.

"शीव व्हयी तठलोंग येवानं," रायलीबाई म्हणाली. "तुमना गावना कोन उभं राहस?" (शीव असेल तिथवर यायचं. तुमच्या गावचं कोण उभं असतं?)

वकिलांचा चेहरा उतरला. जीपभर कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मी समोर बसले होते. प्रत्येक गावाला असे घेणारे लोक असतातच, हे रायलीबाई धरूनच चालली होती.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या गल्लीत उतरलो. रायलीबाईने वकिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने विचारलं, "आम्ही आठलोंग संभाळा. आते कोन लेस?" (आता कोण घेतं?)

ओट्यांवर माणसं होती. कुणी हललं नाही. शोभाताई धावत पुढे आल्या, "मी आहे ना!"

"घरना माणूस ते लेसच," रायलीबाई म्हणाली. "गाव लेस का?"

मला राहवलं नाही. "मी घेते," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. "तू ते सकाळमा चालनी जाशी."

मला काय वाटलं ते लिहिणं आजही कठीण जातं. मला खूप लाज वाटली, आणि तिचं म्हणणं खरं होतं. माझं परतीचं तिकीट पर्समध्येच होतं.

घेणारा कुणी नाही म्हटल्यावर ते लोक रस्त्यातच बसले. वकील त्यांना घरात चला म्हणून विनवत होते. ते ऐकत नव्हते, कारण तसं माणूस सोडून जाता येत नाही. समोरच्या ओट्यावर आबा सुपारी कातरत होते. दिनकरचे लांबचे चुलते, केळीचे बागायतदार. हल्ला याच गल्लीत झाला होता आणि त्या दिवशी आबांनी आतून कडी घातली होती. हे शोभाताईंनी मला तेव्हा, तिथेच, कानात सांगितलं.

गल्लीतली दिवाबत्ती लागली. चुलींचा धूर उतरला. एक पोरगी पाणी घेऊन आली, तिला तिच्या आईने हाक मारून परत बोलावलं. आबांचा अडकित्ता थांबला होता.

"किती येळ बसशान असे?" ते शेवटी ओरडले. "थंडी हाये."

रायलीबाईने पदर अंगाभोवती ओढून घेतला.

आबा उठले, जोडे शोधले, ते सापडेनात म्हणून अनवाणीच खाली आले. दिनकरकडे न बघता पुटपुटले, "घेतला."

"जोरमा सांगा," रायलीबाई म्हणाली. "बठ्ठा गल्लीले ऐकू जाऊ दे."

आबांनी वकिलांचा तो मोडलेला हात धरला आणि गल्लीकडे तोंड करून म्हणाले, "घेतला! मी घेतला!"

तेव्हा कुठे ती माणसं उठली, आणि जेवून, त्याच जीपने परत गेली.

मी ठरल्याप्रमाणे सकाळी निघाले. घरी येऊन कपडे धुतले, शेजारणीला केळी दिली. या इमारतीत इतकी वर्षं राहते, पण माझ्या जिन्यात कुणाला मारलं तर मी दार उघडेन का, याचं उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही.

परवा शोभाताईंचा फोन आला. खटला चालू आहे, धमक्याही चालू आहेत. आबा आता थंडीत रात्रभर दार उघडं टाकून झोपतात, खोकतात आणि दिनकरला शिव्या घालतात.