गोजराबाईंच्या पसंतीची वस्तू

जत्रेतून वस्तू एक आणायची आणि तिच्याबरोबर किस्सा फुकट यायचा, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. वस्तू कुणाकुणाला देऊन संपल्या, किस्से मात्र माझ्याकडंच साठले. मी सांगायला बसले की मनोरमाबाई म्हणतात, "तू तिखटमीठ लावून सांगतेस हं!" मी कशाला लावीन? एवढं घडलंय की उलट काटछाट करून सांगावं लागतं!

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांतली गोष्ट. साताऱ्यातल्या मुलींच्या एका शाळेत आम्ही तिघी मास्तरणी, राहायलाही एकाच खोलीत. मी सांगलीकडची, जैन पाटलांची लेक. गणित शिकवायचे, आणि बाजारात मला फसवणारा अजून जन्मायचाय असं छातीठोक सांगायचे. मनोरमाबाई पुण्याच्या, चित्रकलेच्या. काही सुंदर दिसलं की त्यांच्या तोंडून 'अहाहा' सुटायचंच. आणि तिसरी शेवंता जाधव, पहिलीच्या वर्गाची बाई. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी पास झालेली. नवरा फौजेत हवालदार, कुठं तरी परदेशात लढाईवर.

शेवंताची नोकरी हेडबाईंच्या हातात नव्हती. ती होती तिच्या सासूच्या, गोजराबाईंच्या हातात. घरी ऊस, म्हशी, खाऊनपिऊन सुखी. सुनेनं नोकरी कशाला करायची? पण हवालदार लढाईवर गेले तेव्हा शेवंतानं हट्ट धरला, आणि गोजराबाईंनी निकाल दिला, "पोरगा लढाईवर हाय तवर शिकीव पोरींस्नी. पर दर दिवाळीला मी बगणार, फुडं जायाचं का न्हाई ते!"

म्हणजे दर दिवाळीला शेवंताची परीक्षा. म्हणून दसरा झाला की आम्ही तिघी गावोगावच्या जत्रा आणि बाजार पालथे घालायचो. गोजराबाईंना पसंत पडेल अशी, हातानं घडवलेली, खणखणीत वस्तू हवी. दुकानातल्या वस्तूला त्या हात लावत नसत. "यंत्रानं केलंय, त्यात कुणाचा जीव हाय?" म्हणायच्या.

आणि शेवंताचा सगळा जीव त्या पहिलीच्या वर्गात होता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा झोपेत 'ग रे गवताचा' म्हणायची ही बाई!

* * *

पहिल्या वर्षी ठरलं, पाण्याची घागर. शिरवळच्या बाजारात एका कुंभारानं झकास मडकी मांडली होती. मडकं घ्यायचं तर वाजवून घ्यायचं, हे मला ठाऊक होतं. मी एक वाजवलं. शेवंतानं दुसरं. मनोरमाबाईंना मजा वाटली, त्या दोन्ही हातांनी वाजवायला लागल्या. अर्धा तास आमचं टणटण चाललेलं!

शेवटी कुंभार हात जोडून म्हणाला, "बाई, मडकं घेताय का भजनाला बसताय?"

लाजून जे हाताला लागलं ते घेतलं. खणखणीत वाजत होतं, खोटं कशाला बोलू! पण मोटारीत माणसं अशी कोंबलेली की घागर तिघींच्या मांडीवरून फिरत फिरत साताऱ्याला आली.

दिवाळीला गोजराबाईंनी तिला एकच टिचकी मारली. बद्द! कुठं तरी केसाएवढी चीर गेली होती. सासू शेवंताकडं बघत राहिली, घागरीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "एवढी शिकलीस, पर मडकं पारखायची अक्कल न्हाई आली. जा, आनी एक साल साळंत काढ!"

* * *

दुसऱ्या वर्षीचा घोळ मनोरमाबाईंचा. सूप घ्यायचं ठरलं होतं. बुरडाकडं जायच्या आधीच मी त्यांना दम दिला. कारण या बाईंची सवय अशी, की मी भाव पाडत आणायचा आणि यांनी मागून म्हणायचं, "अहाहा! काय ती वीण! काय तो हात!" की झालं, विकणारा लगेच छाती काढून बसायचा.

"तुम्ही एक शब्द बोलायचा नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा कोंबला. "हा विरघळेपर्यंत गप्प!"

बिचाऱ्या गप्प राहिल्या. पण सूप बघून डोळे मोठे करताहेत, हात जोडताहेत, टाळ्या वाजवताहेत! बुरूड म्हातारा त्यांच्याकडं बघत राहिला. हळूच मला विचारलं, "बाई बोलत न्हाईत व्हय?"

मी चटकन म्हटलं, "नाही हो. देवाची करणी!"

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "घ्या मग. तुमी म्हंताय त्या भावात न्या. ह्या मुक्या माउलीला आवडलं, मला पावलं!"

तेवढ्यात मनोरमाबाईंनी खडा कडाकड चावला, गिळला आणि म्हणाल्या, "अहो, किती थोर मनाचे तुम्ही!"

बाजार थांबला. बुरूड सूप पुन्हा मांडीखाली घेत म्हणाला, "लय ब्येस झालं. वाचा फुटली बाईंना. आता पुरं पैसं द्या!"

दिले. काय करता! गोजराबाईंनी मूठभर ज्वारी पाखडून बघितली आणि म्हणाल्या, "सूप झ्याक हाय. पाखडणारी मातर हितं न्हाई." शेवंता खाली मान घालून उभी. दोन दिवस त्यांनी पुढं काही सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच शिदोरी बांधून तिच्या हातात दिली, तेव्हा कळलं की पास!

* * *

पाचगणीची काठी मी आयुष्यात विसरणार नाही. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर चालायच्या. पसरणीच्या घाटात आमची मोटार तीनदा बसली, तीनदा उतरून ढकलली. वर पोचलो तेव्हा मनोरमाबाईंच्या गोऱ्या तोंडाला इतका कोळसा लागलेला की बाजारात एका मडमेनं त्यांना कोळसेवाली समजून आधी भाव विचारला आणि मग हसली.

तिथं एक कारागीर लाकडी काठ्या विकत होता. मुठीवर पोपट कोरलेला, चोचीसकट! शेवंताला तीच आवडली. मीही हो म्हटलं. कुणाच्याच डोक्यात आलं नाही की काठी म्हातारीला देतात, आणि गोजराबाईंनी स्वतःला अजून म्हातारी म्हणून घेतलेलं नव्हतं.

दिवाळीला काठी बघून त्या ताडकन उभ्या राहिल्या. "मी टेकायला लागली व्हय गं? डोळं मिटायची वाट बगतीस?"

आता संपलं, असं शेवंताला वाटलं. पण पोरगी हुशार. म्हणाली, "आत्याबाई, टेकायला न्हाई. ह्यांच्या माघारी घरात बाप्या माणूस न्हाई. दारात एक काठी असावी म्हनून आनली."

गोजराबाई बसल्या. काठी मांडीवर घेतली. पोपटाच्या डोक्यावरनं हात फिरवला.

दुसऱ्याच दिवशी भावकीतले एक चुलते आले. मिशीला पीळ देत म्हणाले, "वैनी, सून येकली साताऱ्यात ऱ्हाती. बरं दिसत न्हाई. नोकरीचा इचार करा आता."

गोजराबाईंनी काठी जमिनीवर अशी आपटली की म्हशीनं दाव्याला हिसका दिला. "इचार मी करीन. तुमी च्या प्या!"

चुलते चहा न पिता गेले. शेवंता पुढच्या वर्षासाठी साताऱ्याला आली.

* * *

आता माझा किस्सा. सांगायचा नव्हता, पण नाही सांगितला तर मनोरमाबाई सांगतील, आणि त्या खरंच वाढवून सांगतात.

माणदेशातला एक विणकर दसऱ्याच्या बाजारात आला होता. काळंभोर घोंगडं, काठ पांढरे. अस्सल माल! मी भाव असा पाडला की तो विणकर म्हणाला, "बाई, तुमी सावकारीन हाय का वकिलीन?" मी नुसती फुलले!

पण नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावलेली असते. त्यानं ते कडक असतं, टोचतं आणि वासही मारतं. मला वाटलं, सासूबाईंना मऊ करून द्यावं. आमच्याकडं सांगलीला ऊस, हळद, तंबाखू. घोंगड्याचं आम्हाला काय कळतंय? पण मला कळत नाही असं म्हणायची मला सवय नाही. मी ते उकळत्या पाण्यात घातलं, साबण लावला आणि चांगलं बडवून बडवून धुतलं.

वाळलं तेव्हा ते पाटाएवढं झालं होतं!

आटून जाड, घट्ट. वर बसता येईल, पांघरता येणार नाही. दिवाळी परवावर आलेली. शेवंता रडायलाच लागली. "आवं बाई, माझी नोकरी धुतली तुमी!" मला इतकं वाईट वाटलं की मी त्या रात्री जेवले नाही.

दुसरं काही घ्यायला वेळ नव्हता. शेवंतानं तेच नेलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. गोजराबाईंनी तो तुकडा उलटासुलटा केला. विचारलं, "ही पाटलाची लेक तुज्याबरुबर ऱ्हाती तीच न्हवं?"

"व्हय."

"लगीन झालंय का तिचं?"

"न्हाई, आत्याबाई."

"होऊ बी देऊ नका!"

आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की नोकरीचा निकाल द्यायचंच विसरल्या. माझं लग्न झालं नाही ते झालंच नाही, पण त्याला कारणं दुसरी.

* * *

आणि मग लढाई संपली. हवालदार घरी आले.

आम्हाला आनंद झाला, खरंच झाला. शेवंतानं शाळेत पेढे वाटले. पण स्वतः एकही तोंडात घातला नाही. 'पोरगा लढाईवर हाय तवर' हा शब्द होता, आणि गोजराबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. हवालदार माणूस सरळ, पण आईपुढं 'जी' म्हणण्यापलीकडं तोंड उघडत नसत.

त्या दिवाळीला शेवंतानं काही नेलं नाही, कारण सासूचा निरोपच आला होता. "या साली काय आनू नगंस. सुट्टी झाली की जा साळंत, म्हसवडच्या जत्रंला मी सोता येती. तितं बगू."

तितं बगू! आम्ही तिघींनी त्या दोन शब्दांचे किती अर्थ काढले असतील! शेवंतानं राजीनामा लिहून पिशवीत ठेवला. वळणदार अक्षरात, एक खाडाखोड नाही. मनोरमाबाईंनी तो वाचला आणि पहिल्यांदा एवढं सुंदर अक्षर बघून त्यांच्या तोंडून अहाहा निघालं नाही. त्या रडल्या.

मार्गशीर्षात म्हसवडला गेलो. सिद्धनाथाच्या रथावर खोबरं आणि गुलाल उधळलेला, माणूस माणसाला दिसेना. तेवढ्या गर्दीत शेवंताला सासू दिसली. तिनं झटकन पायातल्या वहाणा काढल्या आणि पिशवीत कोंबल्या. त्यांच्याकडची रीतच तशी. वडीलधाऱ्यांपुढं सुनेनं पायात वहाण घालायची नाही. साताऱ्यात घालायची, पण गावची वेस आली की वहाणा पिशवीत आणि ही अनवाणी. सहा वर्षं मी हे बघत होते.

गोजराबाई पुढं आल्या. मागं हवालदार, ताठ, कडक कोट घालून. शेवंता पाया पडली. आम्हीही पडलो. गोजराबाईंची नजर सुनेच्या पायांवर गेली. पायांना धूळ, टाचांना भेगा, आणि पिशवीतून वहाणेचा अंगठा डोकावत होता. मला वाटलं, झालं. आता सगळ्यांसमोर बोलणार.

त्या काही न बोलता वळल्या आणि रांगेत बसलेल्या वहाणा शिवणाऱ्या एका म्हाताऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं चामड्याचा तुकडा पुढं सरकवला. तो पायाभोवती रेघ मारून माप घ्यायचा.

"ये हिकडं," गोजराबाई म्हणाल्या.

शेवंता गेली.

"ठेव पाय."

शेवंता कावरीबावरी झाली. "आत्याबाई, तुमच्याफुडं? आन् समदा गाव बगतोय..."

"बगू दे. ठेव म्हंते न्हवं!"

तिनं पाय ठेवला. म्हाताऱ्यानं रेघ मारली. शेवंता पाय मागं घेत होती, त्यामुळं त्याला दोनदा मारावी लागली. मग त्यानं चामडं उजेडात धरलं आणि वर बघून विचारलं, "सूनबाईच्या व्हय? घरातल्या घरात घालायच्या आसतील तर पातळ तळ लावतो. हलक्या ऱ्हातील."

हवालदार आईकडं बघायला लागले. मनोरमाबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"घरात कशाला?" गोजराबाई म्हणाल्या. "साळंत जायाचं आसतंय तिला. दुहेरी तळ लाव, आन् शिवन बळकट घाल. धा वरसं जायाला पायजेत!"